माऊस सोड म्हणे

"हात दाखव," सर म्हणाले.

मी दाखवले. सकाळभर मेथीच्या जुड्या बांधल्या होत्या. बोटं हिरवी, नखात माती. मी माऊसले हात लावायच्या आधीच सरांनी त्याच्यावर फडकं टाकलं. "या फडक्यावरून धर. महागाची वस्तू आहे." डॉक्टरांची पोरगी, वकिलाची पोरगी, साऱ्या खी खी हसल्या.

अकोल्यातला कॉम्प्युटर क्लास होता तो. कपाशीनं दगा दिल्यावर आईनं बार्शीटाकळीच्या वावरात भाजी लावली, अन् तराजू घेऊन बाजारात बसे. मले म्हणे, "तू तं खुर्चीवर बस, बाई." म्हणून मी येत होती. पण एका मशीनवर आमी तिघी. त्या दोघी चालवत, मी नुसती पाहे. माहा नंबर येता येता लोडशेडिंग. लाइन गेली का क्लास सुटे. हे सरांले चांगलं माहीत होतं, तरी मलेच शेवटी ठेवत.

त्या दिवशी पयल्यांदा नंबर लागला. स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर आपल्या कामाचे प्रोग्राम मांडायचे होते, म्हणजे एका टिचकीत उघडतात. मले तं पाहूनच समजलं होतं बापा! जे जास्त लागते ते हाताशी ठेवायचं. मी मराठी टायपिंगचं चित्र धरायले गेली. फडकं सरकलं, अन् पट्टीच धरल्या गेली. स्क्रीनच्या उजव्या बाजूले जाऊन उभी राहिली मेली.

हसू थांबेच ना कोणाचं. मी ओढू ओढू पाहे, पट्टी हालेच ना. कानशिलं तापली. डोळ्यात पाणी आलं, ते सरांनी पाहिलं, अन् त्याचीच मले जास्त चीड आली.

"ऊठ. माऊस सोड. तुम्हा लोकांना तराजूच बरा."

मी उठली नाही.

"ऐकू येत नाही का?"

"येते, सर. पण मी सोडत नाही. मी बिघडवलं, मीच नीट करीन."

सरांनी हात पुढं केला. मी माऊस मुठीत आवळला. तेवढ्यात लाइन गेली. पोट्ट्या दप्तरं उचलून निंगाल्या. सर दारात किल्ल्या वाजवत उभे. पट्टी खाली कशी आणतात, मले माहीत नव्हतं. सांगणारं कोणी नव्हतं.

तरी म्हणलं, "उद्या लाइन असतानी मी पयली बसीन, सर. उठवून पाहा."