ठिपका फिरला, गाडी नाही

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण ते प्रकरण आठवलं की अजून डोकं तापतं.

तेव्हा मी सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकते न उरकते तोच जनावरांच्या सरकारी फिरत्या दवाखान्याचा ड्रायव्हर फिर्याद घेऊन आला. आदल्या दिवशी एका मेंढपाळ बाईनं गाडीवर दगडफेक केली, काचा फुटल्या, इंजिन बंद पडलं, असं त्याचं म्हणणं. शासकीय कामात अडथळा म्हणजे बाईला अटक ठरलेलीच. दगडानं इंजिन बंद पडतं, हे मात्र मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकत होतो.

गुन्हा नोंदवण्याआधी पंचांना घेऊन गावात गेलो. त्यानं सांगितलेल्या जागी काचेचा एक तुकडा नव्हता. साठीची ती बाई मेंढरांच्या जाळीपाशी बसली होती. जाळी निम्म्याहून जास्त रिकामी.

"मावशी, गाडीवर दगड का मारलेत?"

"कंची गाडी?" ती उसळलीच. "आली असती तर पाय धरलं असतं की! फोन केला की म्हणत्यात, गाडी तुमच्याच गावात हाय. कुटं हाय? माजी मेंढरं तडफडून मेली, सायेब."

तिथून पशुसंवर्धन खात्याचं कार्यालय गाठलं. गाडी खात्यासाठी एक कंत्राटदार चालवायचा; त्या सेवेवर होणारा खर्च सार्थकी लागतो का, हे तपासायला बाहेरून एक लेखापरीक्षक बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाडी प्रत्यक्ष बघायची आहे म्हटलं, आणि लगेच तिच्यावर दगड पडले."

कार्यालयातला अधिकारी मात्र निवांत होता. भिंतीवरच्या पडद्याकडे बोट करून म्हणाला, "बघा, गाडी रोज प्रत्येक गावात जाते. कार्यक्षमतेत आमचा पहिला नंबर आहे."

"किती जनावरं बरी झाली?"

"तो रकाना यात नाही."

पडद्यावर गाडीचा लाल ठिपका सरकत होता. मी विचारलं, "काल मोडलेली गाडी आज कशी काय फिरतेय?"

अधिकाऱ्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. लेखापरीक्षक बाईंनी मोबाईलवर तोच नकाशा उघडला आणि आम्ही जीप काढली. ठिपका एका गावच्या डेअरीपुढे थांबला. आम्ही पोचलो तेव्हा तिथं दुधाचा टेम्पो उभा होता. सीटखाली चिकटपट्टीनं बांधलेलं दवाखान्याच्या गाडीचं जीपीएस यंत्र सापडलं. रोज गावोगाव जातो म्हणून हाच टेम्पो निवडलेला.

ड्रायव्हरला पुन्हा बोलावलं, समोर चहा ठेवला. खोटं बोलणारा माणूस बहुधा चहा गार होऊ देतो. त्याच्या चहावर साय धरली.

"पिऊन घे आणि गाडी कुठाय ते सांग."

"सोलापुरात, भवानी पेठंत, गॅरेजात. लई दिवस झालं, सायेब. आमचा कंत्राटदार मालक दुरुस्तच करंना. नुसता ठिपका फिरतोय."

"मग त्या बाईचं नाव का घेतलंस?"

"सारखी तक्रार करती म्हणून मालकच म्हणलं, तिचंच नाव टाक. माजी पोरं हायेत, सायेब." तो रडायला लागला. मला त्याची दयाही येत होती आणि दोन ठेवून द्याव्यात असंही वाटत होतं.

कंत्राटदारावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. अधिकाऱ्याची चौकशी सुरू झाली आणि ती संपायच्या आत त्याची बदलीही झाली. गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर आली. तुमच्यावर काही बालंट नाही, हे सांगायला मी स्वतः त्या बाईकडे गेलो. गाडी आता येईल, असंही सांगितलं.

"येऊ द्या की," ती म्हणाली. "ऱ्हायलेली मेंढरं इकून टाकली म्या. आता तिच्याफुडं न्यायचं काय?"

मी तिच्या रिकाम्या जाळीला वळसा घालून जीपकडे निघालो.

नोकरीत चोर पुष्कळ बघितले, त्यांचा राग काही दिवसांत निवतो. इथला निवत नाही. तो पडदा बघायला माणसं नेमलेली होती, अहवाल वर जात होते, वरून शाबासकी येत होती. ती बाई तर स्वतःहून फोन करत होती. तिला उलट फोन करून "मावशी, गाडी आली का?" एवढं विचारणारा त्या साखळीत एकही निघू नये?