तिसऱ्या मजल्यावरची उतरंड

लोकांना घराबाहेर कसं पडावं हे शिकवण्याचा मला पगार मिळतो. आर. के. पुरमहून सकाळी सातला आमच्या संस्थेची जीप निघते आणि दिल्लीची वस्ती संपल्यावरही बरंच पुढे, यमुनेकाठच्या खेड्यांत आम्हाला सोडते. तिथे घरोघर जाऊन मी एक फॉर्म भरून घेते. पूर आला, जमीन हलली, तर घरची तयारी काय, असे त्यात प्रश्न आहेत. ‘घर सोडताना सोबत काय न्याल?’ या प्रश्नाखाली कागदपत्रं, औषधं, टॉर्च, कोरडा खाऊ असे चौकोन आहेत. बहुतेक बायका क्षणभरही विचार न करता सांगतात, ‘भैंस.’ फॉर्म करणाऱ्याला म्हैस सुचलेली नाही. मी तिला ‘इतर’मध्ये घालते.

शेवटचा प्रश्न असा : बाहेर पडल्यावर घरातलं कोणी परत आत जाईल का? याचं बरोबर उत्तर ‘नाही’ आहे आणि ते माझ्या तोंडाकडे बघूनच लोकांना कळतं. सगळे ‘नाही’ म्हणतात. मी ‘नाही’वर खूण करते आणि मग चहा येतो.

गेल्या हिवाळ्यात मी आईला दिल्लीला आणलं. ती गावाकडे, मराठवाड्यात, भूकंपानंतर सरकारने बांधून दिलेल्या घरात एकटी राहायची. तिथे न्हाणीत पाय घसरून पडली आणि शेजारीण ताक मागायला येईपर्यंत तशीच पडून राहिली. ताक तिने शेजारणीला नंतर दिलंच, हे ती मला दोनदा सांगते. मी म्हटलं, आता इथेच राहायचं. ती म्हणाली, “एक महिना बघते. जमलं तर जमलं.” मला ती इथेच हवी होती. तिच्यावाचून रात्री झोप लागत नव्हती असं नाही, पण फोन दोनदा वाजून तिने उचलला नाही, की मी लगेच शेजारणीला लावायचे.

अडचण मजल्याची होती. आमच्या ह्यांना मिळालेलं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर आहे. आईने आयुष्यात जिना फक्त बँकेत चढलेला. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहिली, वर स्लॅबकडे बघितलं, खाली बघितलं आणि विचारलं, “खाली जायला किती वेळ लागतो?”

हा प्रश्न उगाच नव्हता. मी सहा वर्षांची असताना आमच्या गावात भूकंप झाला. आईने मला काखेत मारून बाहेर काढलं. बाबाही बाहेर आले होते. मग त्यांना आठवलं की आजी आतच आहे आणि ते परत वळले. दगडामातीचं घर होतं, वर हातभर मातीचं छत. दोघंही आले नाहीत. तेव्हापासून आईचा एक नियम आहे : बाहेर पडलं की पडलं, मागे वळायचं नाही. बाबांविषयी ती इतर काही बोलत नाही. एवढंच म्हणते, की त्यांनी वळायला नको होतं.

आईने इथे आल्या आल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उतरंड लावली. पेला पालथा, त्यावर तांब्या, तांब्यावर पालथं फुलपात्र. भूकंपानंतर गावाकडे लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे तेव्हा घरोघरी अशी भांडी रचलेली असत. जमीन हलली की आधी भांडी पडतात, माणसाला नंतर कळतं. माझ्या ऑफिसात याला काहीतरी लांबलचक नाव असेल. आईने दाराजवळ एक पिशवीही टांगली : कागदपत्रं, गोळ्या, टॉर्च, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. संकटात मेतकूट कशाला, असं ह्यांनी विचारलं. “भात कुठेही मिळतो,” आई म्हणाली. हे म्हणाले, “बिल्कुल सही.”

मला तिचा इतका अभिमान वाटला की मी लगेच आमच्या घराचा फॉर्म भरायला घेतला. सदस्य किती? मी ‘तीन’ लिहायला गेले तर आईने थांबवलं. “दोन लिही. मी पाहुणी आहे.” फॉर्म हिंदीत होता, पण अक्षरं आपलीच, त्यामुळे तिची सगळीकडे नजर होती. शेवटच्या प्रश्नाला आम्ही तिघांनी एका आवाजात ‘नाही’ म्हटलं.

पहिल्यांदा भांडी पडली ती एका रविवारी सकाळी. आई ओरडली, “बाहेर!” आम्ही पिशवीसकट खाली. आमचं बघून अख्खा ब्लॉक खाली आला. एक गृहस्थ अर्ध्या दाढीने उभे होते, उरलेल्या अर्ध्यावर फेस. दहा मिनिटांनी कळलं, की खालच्या मजल्यावरच्या आंटींचं वॉशिंग मशीन कपडे पिळत होतं. दुसऱ्यांदा भांडी पडली ती विमानामुळे. आमच्या डोक्यावरून विमानं जातात, त्यातलं एक जरा जास्तच खालून गेलं. तेव्हा निम्मा ब्लॉक आला. तिसऱ्यांदा ह्यांना शिंक आली. खाली फक्त आम्ही तिघं होतो, बाकीचे बाल्कनीतून बघत होते.

वर येताना जिन्यात आंटी भेटल्या. त्या मनाने चांगल्या आहेत. “माताजी को गाँव की बहुत याद आती है क्या?” त्यांनी मला विचारलं, हळू आवाजात, पण आईला ऐकू जाईल इतक्या. संध्याकाळी आईने पलंगाखालून आपली बॅग ओढली आणि ओल्या फडक्याने पुसायला घेतली. महिना भरायला आठ दिवस बाकी होते.

मग मी जे केलं, ते कोणत्याही फॉर्मात बसत नाही. दुसऱ्या दिवशी पोळ्यांची कणीक भिजवताना मी तिच्या दोन चपट्या गोळ्या केल्या आणि आई आंघोळीला गेलेली असताना एक पेल्यावर थापली, एक तांब्याच्या काठावर, आणि भांडी दाबून बसवली. दुपारपर्यंत कणीक वाळून दगड झाली. त्यानंतर वॉशिंग मशीन फिरलं, विमानं गेली, हे शिंकले. उतरंड हलली नाही. आईची बॅग पलंगाखाली परत गेली. जेवताना ती म्हणाली, “तुमचं घर आता बसलं बघ.” मी आमटी वाढत राहिले.

पाचव्या दिवशी दुपारी मी खाली भाजीच्या गाडीपाशी होते. भाजीवाला कोथिंबीर तोलत होता आणि तराजू थांबेना. मला वाटलं हा काटा मारतोय, म्हणून मी त्याला बोलणार, तोच वरच्या तारा झुलताना दिसल्या. मग ब्लॉकमधून लोक यायला लागले. आंटी आल्या, अर्ध्या दाढीचे गृहस्थ आले, आज पूर्ण दाढीने. हे ऑफिसात होते. तीनदा सगळ्यांच्या आधी खाली पोचलेली माझी आई मात्र त्यात नव्हती.

मी कोथिंबीर टाकली आणि जिना चढले. माझ्या मागे आंटी “अरे, ऊपर मत जाओ!” म्हणून ओरडत होत्या. हे वाक्य मी स्वतः किती गावांत किती बायकांना पाठ करून दिलंय याचा हिशेब नाही.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. एक हात ओट्याच्या कडेला, डोळे खिडकीकडे. उतरंड ताठ उभी होती.

“चक्कर आली गं,” ती म्हणाली. “पंखा हलल्यासारखा वाटला. पण भांडी पडली नाहीत, म्हणजे मलाच आली.”

“चक्कर नाही आई. भूकंप होता. चल खाली.”

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात भाजीची पिशवी होती. “तू बाहेर होतीस?”

“हो.”

“मग वर का आलीस?”

उतरताना प्रत्येक मजल्यावर तिने तेच विचारलं. खाली, सगळ्यांच्या देखत, मी तिला कणकेचं सांगितलं. तू जाऊ नयेस म्हणून केलं, असंही सांगितलं. मला रडू आलं होतं आणि लाजही वाटत होती. आंटींना मराठी कळत नाही, पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तासाभराने आम्ही वर आलो. आईने फुलपात्र धरून उचललं, तर त्याच्याबरोबर तांब्या आणि पेलाही वर आला. ती भांडी ओली करून नखाने कणीक खरवडत बसली. मला वाटलं, आता बॅग निघणार. गेली असती तरी मी अडवू शकले नसते.

“तो फॉर्म आण,” ती म्हणाली.

मी आणला. तिने चष्मा लावून शेवटचा प्रश्न शोधला आणि त्यावर ओलं बोट ठेवलं.

“इथे ‘नाही’ लिहिलंय. खोड. सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही.”

कागद सरकारी नव्हता, पण मी खोडलं आणि ‘हो’ लिहिलं. तिने बोट उचललं नाही.

“तुझे बाबा वळले, ते त्यांच्या आईसाठी,” ती म्हणाली. “तीस वर्षं मी त्या माणसाला बोल लावला.”

मी पेनाला टोपण लावायला गेले.

“माझंही ‘हो’ लिही. तू आत असशील तर मीही वळेन.”

मी म्हटलं, पाहुण्यांचं उत्तर या फॉर्मात धरत नाहीत.

“मग वरचं दोन खोड,” आई म्हणाली आणि खिडकीत पेला पालथा घातला. “तीन कर.”