दीपमालाच्या गोळ्या

परंड्याच्या किल्ल्यामागं जी पत्र्याच्या घरांची ओळ आहे, तिच्यात शेवटून दुसरं घर शिवशरण लोंढेचं. वय बावन्न. अठरा वर्षं त्यानं एका जुन्या मोटारसायकलवरून गावोगाव फिरून येशूचं नाव सांगितलं. लोक त्याला पास्टर म्हणत, पण कुठल्या मोठ्या चर्चनं त्याला नेमलेलं नव्हतं. कुणीतरी बोलवायचं, शेताच्या कडेला किंवा समाजमंदिरात मांडव पडायचा आणि तीन दिवसांची संजीवन सभा व्हायची. गाणी, देवाचा अनुभव सांगणाऱ्यांच्या साक्षी, बायबलचं वचन आणि शेवटी आजाऱ्यांसाठी प्रार्थना.

त्याआधी तो हलगी वाजवायचा. बाप वाजवायचा म्हणून तोही वाजवू लागला. सोनारीच्या भैरवनाथाच्या जत्रेत त्याची हलगी उठली की म्हातारी माणसंही जागेवरून हलायची. वाजवता वाजवता दारू लागली, आणि दारू लागल्यावर घरात बायकोनं, गौराबाईनं, काय सोसलं ते तीच जाणे. चौतिसाव्या वर्षी कुणीतरी त्याला कुर्डुवाडीला सभेला नेलं. तिथं तो दोन तास लहान पोरागत रडला आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. हे खरंच घडलं. आजही ह्या एका गोष्टीबद्दल त्याच्या मनात शंका नाही. बाकी सगळ्याबद्दल आहे.

त्याचं बोलणं ऐकायला लोक लांबून यायचे. शिवशरण लिहिण्यावाचण्यात कच्चाच, सातवी नापास. पण दोन वाक्यं चढी घ्यायची, तिसरं खाली आणायचं आणि मग थांबायचं, हे हलगी वाजवणाऱ्या हातातून त्याच्या जिभेवर आलं होतं. तो थांबला की पाचशे माणसं एका दमात ‘हालेलुया’ म्हणायची. त्याला वाटायचं, हा पवित्र आत्मा. बरीच वर्षं तसंच वाटलं.

गेल्या वर्षी माघात सोनारीच्या रस्त्यावरच्या एका वाडीत सभा होती. ती माणिकप्पानं भरवलेली. माणिकप्पा म्हणजे त्या वाडीतल्या, येशूला मानणाऱ्या चार घरांतला वडीलधारा माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी साक्षी चालू असताना एक बाई उठून पुढं आली. दीपमाला तिचं नाव. सव्वीस वर्षांची, मेंढरं राखणाऱ्या घरातली सून. शेजारी सासू, धुरपताबाई. दीपमालाला लहानपणापासून फिट यायच्या. दोन वर्षं ती सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेत होती. मागच्या सभेत पास्टरनी डोक्यावर हात ठेवला, त्याला सहा महिने झाले, तेव्हापासून एकदाही फिट आली नाही, असं तिनं माइकवर सांगितलं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून तिनं स्टेजवर ठेवली.

“मला आता ह्या नगंत,” ती म्हणाली. “माझा देव हाय.”

सगळा मांडव त्याच्याकडं बघत होता. शिवशरणच्या मनात सरळ आलं, की बाई, फिट गोळ्यांनी थांबली असंल, गोळ्या चालू ठेव. वाक्य अगदी ओठावर होतं. पण ही त्याची थांबायची जागा होती, आणि तिथं ते वाक्य बसत नव्हतं. ते बोलला असता तर सगळा मांडव गार पडला असता. त्यानं खाली वाकून एक पाकीट उचललं आणि डोक्याच्या वर धरलं. काहीच बोलला नाही. लोक उभे राहिले, बायका रडल्या, आणि दीपमाला हसत होती.

अडीच महिन्यांनी माणिकप्पाचा फोन आला. “दीपमाला गेली, पास्टर. मेंढरांच्या हौदावर पाणी सोडायला गेल्ती. फिट आली आन् तोंडावर पडली. गुडघ्याएवढं बी पाणी नव्हतं.”

शिवशरण दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर गेला. वाटेत त्यानं ठरवलं होतं, शिव्या खायच्या, मारलं तर मार खायचा. पण धुरपताबाईनं त्याला पाणी दिलं, घोंगडं टाकलं, चहा ठेवला. तिचा मुलगा, दीपमालाचा नवरा, मेंढरं घेऊन रानात गेला होता. दीपमालाची चार वर्षांची पोरगी समृद्धी दारात बसून एका कोकराच्या कानाशी खेळत होती.

“मावशी,” शिवशरण म्हणाला, “ही देवाची मर्जी न्हवती. माझी चूक हाय.”

“तुमी म्हणलाव का तिला, गोळ्या टाक म्हणून?”

“न्हाय. पण टाकू नको असं बी म्हणलो न्हाय. मनात आलं होतं. तरी म्हणलो न्हाय.”

म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागं सारलं. मग हळूच म्हणाली, “असं बोलू नका, पास्टर. देवानं नेली म्हणलं तर मी कसंबी दिवस काढीन. उगंच गेली म्हणलं तर मी ह्या लेकराला काय सांगू? तुमी प्रार्थना करा आन् जावा.”

त्यानं प्रार्थना केली. डोळे मिटले आणि स्वतःचा आवाज त्याच्याच कानावर आला. दोन वाक्यं चढी, तिसरं खाली. इथंही, ह्या घरातसुद्धा. आमेन म्हणायच्या आधी त्याची जीभ आपोआप थांबली आणि त्या थांबण्यात धुरपताबाईला हुंदका फुटला. त्याला स्वतःची किळस आली.

परत येताना तो पोलीस पाटलाच्या घरी गेला. म्हणाला, माझ्यामुळं मेली असं लिहून घ्या. पाटील भला माणूस होता. त्यानं विचारलं, “घरच्यांची तक्रार हाय का?” नाही, म्हटल्यावर म्हणाला, “मग मी काय लिहू? तुमी घरी जाऊन झोपा.” कुणीच त्याला दोषी धरायला तयार नव्हतं. घरी येईपर्यंत हेच त्याला सगळ्यात जड झालं.

गौराबाईला रक्तदाबाचा त्रास. रोज सकाळी चहानंतर ती एक गोळी घेते, नऊ वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी ती गोळी घेत असताना शिवशरण तिच्याकडं बघत बसला.

“मी तुला कधी म्हणलो का, गोळी सोड, विश्वास धर?”

“न्हाय.”

“का म्हणलो नसंल?”

गौराबाईनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “तुमाला मी पायजे होते म्हणून,” ती म्हणाली आणि उठून भांड्यांकडं गेली. टोमणा नव्हता तिच्या बोलण्यात. त्याला मात्र आठवलं, गोळी सोड म्हणणं राहिलंच, उलट दोनदा तोच गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेला होता, संपू नयेत म्हणून. एकदा तर सभेच्या आदल्या दिवशी.

पुढच्या महिन्यात येरमाळ्याजवळ सभा ठरलेली होती. शिवशरण गेला तो एकच गोष्ट बोलायची म्हणून. आवाज चढवायचा नाही, खाली आणायचा नाही, कुठं थांबायचं नाही. तहसीलमधला कारकून यादी वाचतो तसं त्यानं दीपमालाचं सगळं सांगितलं. मग म्हणाला, “ज्यांच्या गोळ्या चालू हाईत त्यांनी त्या घ्या. डॉक्टरला इचारल्याशिवाय सोडू नका. म्या हे आधी सांगायला पायजे होतं.”

कुणी हालेलुया म्हटलं नाही. मागून एक बाई उठली. काठी टेकत पुढं आली आणि म्हणाली, “म्हंजी पास्टर, माझा गुडघा तुमच्या प्रार्थनेनं बरा झाला, ते खोटं का?”

“मला ठावं न्हाय, माय.”

“तुमाला ठावं न्हाय तर आमी कुणाला इचारायचं?”

बाई तिथंच उभी राहिली आणि पाय बदलू लागली, जणू गुडघा तेवढ्यात पुन्हा दुखू लागला होता. सभा भरवणाऱ्यांनी माइक हळूच काढून घेतला, गाणं सुरू केलं. नंतर बाजूला घेऊन म्हणाले, “पास्टर, तुमी थकलाव. थोडे दिवस इसावा घ्या.” तिसऱ्या दिवसासाठी लातूरहून दुसरा उपदेशक आला. लोक सांगतात, त्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती.

त्यानंतर शिवशरणला बोलावणं आलं नाही, आणि आलं असतं तरी तो गेला नसता. आता तो बार्शी रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत कामाला जातो. टोमॅटोच्या, मिरचीच्या रोपांना पाणी घालतो. काम करताना पूर्वी वचनं म्हणायचा, आता गप्प असतो. रविवारी गौराबाईबरोबर चर्चला जातो, मागच्या रांगेत बसतो. सगळे उभे राहिले की उभा राहतो. एकदा त्यानं गौराबाईला सांगितलं, “दारू सुटली तवा कुणीतरी हात धरलाय असं वाटलं होतं. आता कुणी न्हाय. तिकडं हाक मारली तर माझाच आवाज परत येतो.” ती म्हणाली, “मग मी मारते हाक. तुमी गप बसा.” ती रोज मारते. तो ऐकतो. त्याला काही होत नाही.

अजून कधीकधी आजारी लोक प्रार्थनेसाठी दारात येतात. त्यांना तो दवाखान्यात जा म्हणतो, आणि ज्यांना कुणी नाही त्यांच्याबरोबर स्वतः जातो. मागच्या महिन्यात कडूबाई नावाची म्हातारी एकटीच आली. छातीत पाणी झालं होतं, दम लागत होता. शिवशरणनं तिला सरकारी दवाखान्यात नेलं, केसपेपर काढला, बाकावर बसवलं. पुढं वीसेक माणसं होती.

“नंबर येईपर्यंत प्रार्थना तरी करा की,” कडूबाई म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटले.

त्यानंही मिटले. आत शोधलं. एकही शब्द सापडला नाही. पंख्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला, फिनेलचा वास. शेवटी कडूबाई आपणच ‘आमेन’ म्हणाली आणि डोळे पुसले. त्यानं मनातल्या मनात प्रार्थना केली, असं तिला वाटलं असावं. बरं वाटलं, असंही ती म्हणाली.

खिडकीतून तिचं नाव पुकारलं तसा शिवशरण उठला, तिच्या काखेत हात घातला आणि तिला हळूहळू आत घेऊन गेला.