मऊ खेकडा

काका बादलीतला एकेक खेकडा उचलून त्याच्या पाठीवर अंगठा दाबत होते. सकाळच्या ओहोटीत दगड उलथून आम्ही ते गोळा केले होते, आता संध्याकाळी मासे गरवताना गळाला लावायला. ज्याची पाठ दबेल त्याने नुकतीच कात टाकलेली. मासा त्यालाच आधी लागतो, म्हणून तो ओल्या फडक्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवायचा. बाकीचे बादलीत, ओल्या गोणपाटाखाली.

एक मऊ खेकडा काकांच्या अंगठ्यातून सुटून बाकीच्यांत गेला. बादलीत खसखस वाढली तसं त्यांनी गोणपाट ओढलं. चारपाच जणांनी त्याला मधोमध धरलं होतं. पाय उपटत होते, पोट फोडत होते, आणि तो जिवंत होता. नांग्या उगारत होता, पण त्या ओल्या कागदासारख्या वाकत होत्या.

“मऊ झालेलो कुर्लो आपल्यांत ठेवूचो नाय गो,” काका म्हणाले. “पयलो तेकाच फाडतत.”

वाढायचं तर जुनं कवच फोडून बाहेर यावंच लागतं. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले, तेव्हा अशीच बिनकवचाची होते. सगळी माझीच माणसं भोवती बसली. कुणी मायेने लचका तोडला, कुणी शहाणपणाने. मीही नांग्या उगारल्या होत्या.

काकांनी बादलीतला सगळ्यात दांडगा खेकडा उचलला. त्याच्या तोंडात तो मऊ पाय अजून होता.

“ह्येका आज पयलो लावतंय.”

मी गळ पुढे केला.