किनवटी फेटा

काल लातूरला भाच्याच्या लग्नात फेटेवाल्यानं नवं कापड झटकलं, खळीचा वास नाकात शिरला आणि मी थेट निलंग्यात पोचले, याच भाच्याच्या बापाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात.

त्या दिवशी दारात घोडा उभा, वाजंत्री सुरू, आणि फेटा बांधणारे काका अजून एसटीतच. घरातले पुरुष एकमेकांची तोंडं बघत राहिले. भावानं कापड सरळ माझ्या हातात दिलं.

"अक्का, तू बांध."

"मला कुठं येतंय रे?"

"नवऱ्या पोरींना नऊवारी नेसवतीस की! हे तर नुसतं डोकं हाय, पळून जात न्हाई."

पहिला पीळ घालताना बोटं अडखळत होती. मग हळूहळू त्यांना निऱ्या आठवल्या आणि मी त्यांच्या मधे पडायचं सोडून दिलं. तुरा भलताच डाव्या कानावर आला. भावानं आरसासुद्धा मागितला नाही, उठला आणि घोड्यावर बसला.

"हे कुण्या गावचं बांधणं हाय रे?" मामांनी विचारलं.

मी तेव्हा किनवटला शिक्षिका होते. भाऊ घोड्यावरूनच ओरडला, "किनवटी फेटा हाय, मामा!"

मामांनी जाणकारासारखी मान डोलवली. पुढच्या लग्नसराईत अर्ध्या गल्लीचे फेटे मीच बांधले.

काल तो फेटेवाला भाच्याला विचारत होता, "साधा बांधू का किनवटी? लई चालतोय सध्या."

मी पुढं झाले. "किनवटीच बांधा. पण तुरा डाव्या कानावर घ्या. अस्सल तसाच असतो."