मामांच्या होड्यांवरची जनावरं

ज्याने जन्मात होडीत पाय ठेवला नाही, त्यानेच होडीवरच्या संसाराबद्दल लिहावं, असं माझ्या बायकोच्या मामांकडे पाहून माझं ठाम मत झालं आहे. कुंभारवाड्याकडच्या एका वाडीत भातशेती करणारे हे मामा दोन वर्षं मुलांसाठी साहसकथा लिहीत होते. धरणात रान बुडतं आणि अस्वल, साळिंदर, शेकरू अशी मंडळी कालव्यावरच्या होड्यांत बिऱ्हाड थाटून निघतात, अशी ती कथा. रामनगरहून रविवारी जाऊन मी त्यांच्या वह्या टाइप करून द्यायचो.

मामांच्या शंकांना अंत नव्हता. "पाव्हणं, साळिंदर भिजलं की काटं जड हुत्यात काय वो?" हे ते मला जेवताना विचारत. एकदा तर वाडीवरची एकुलती एक बस त्यांनी थांबवून ठेवली. अस्वल होडीत कुठे बसवावं, हा प्रश्न होता. कंडक्टर म्हणाला मागे, ड्रायव्हर म्हणाला मधोमध, आणि घाईत असलेले प्रवासीही तावातावाने बाजू घेऊ लागले. शेवटी अस्वल मधोमध बसलं आणि बस हलली.

मग शेळी होडीत बिथरते का, हे पाहायचं ठरलं. शेताकडेच्या पाटात मामांनी बांबूचा तराफा सोडला. मामी ओरडल्या, "माझी शेळी बुडली तर घरात येऊ नगासा!" शेळी बिथरली नाही. बिथरले ते मामा. ते कमरेएवढ्या पाण्यात उभे असताना शेळीने तराफ्यावर निवांत बसून, मामांनी तिथेच ठेवलेल्या वहीतलं, मी अजून टाइप न केलेलं चौथं प्रकरण खाल्लं. मामांनी ते पुन्हा लिहिलं. त्यात शेळीला खलाशी केलं.

अडलं ते शेवटच्या प्रकरणाशी. मी सुचवलं, "पाणी उतरलं असं लिहा, म्हणजे सगळे घरी जातील."

मामांनी वही मिटली. "तसं न्हाई हुत, पाव्हणं," ते म्हणाले. मामा-मामींचं जुनं गाव धरणाखाली गेलेलं, हे मला तेव्हा आठवलं.

गेल्या रविवारी त्यांनी शेवट वाचून दाखवला. होड्या बुडालेल्या रानावर येऊन थांबतात. म्हातारं कासव बुडी मारतं आणि वर येऊन सांगतं, 'पायवाट हाय. हीर हाय. चुली बी जाग्यावर हायत.'

तांदूळ निवडणाऱ्या मामींचा हात थांबला. "आन् आमचा दारातला फणस?"

मामांनी वहीत पाहिलं. फणस कुठेच नव्हता.

"हाय की," ते म्हणाले, आणि पेन्सिल शोधू लागले.