गोबर गॅसची फिरती टाकी

ती हिरवी टाकी आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण घरात पाहुणे जमले की भाचरंपुतणी हट्ट धरतात तो टाकीच्या केसचा. खुनाच्या तपासात मी शूर दिसतो आणि टाकीच्या तपासात जसा होतो तसा दिसतो, हेच त्यामागचं कारण असावं. यात कुणाचंही नाव घेणार नाही. ती माणसं अजून गुंजवणीच्या खोऱ्यातच राहतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी वेल्ह्याकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. तिकडे तेव्हा गुन्हे कमी आणि पाऊस जास्त. सकाळी हजेरी, मग डायरी, मग बांधाची भांडणं. एका सकाळी उत्रोलीचा एक शेतकरी आपल्या थोरल्या बहिणीला हाताला धरून घेऊन आला. बाई साठीच्या, विधवा, लेक लग्न होऊन गेलेली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती, दुसरा डोळा पूर्वीच गेलेला. ठाणे अंमलदारानं काय चोरीला गेलं म्हणून विचारलं.

"गॅस," बाई म्हणाल्या.

"सिलिंडर?"

"न्हाई. म्हशीचा."

अंमलदारानं माझ्याकडं पाहिलं. मी गंभीर चेहरा केला. मला कळत नसलं की मी तोच चेहरा करतो.

भावानं मग नीट सांगितलं. बाईंचं सासर आमच्या हद्दीत, आणि तिथं त्यांच्या परसात सरकारी अनुदानातून बांधलेलं गोबर गॅसचं संयंत्र होतं. जळण वाचावं, डोंगर वाचावा, बायकांमागचा धूर जावा म्हणून सरकारनं ती योजना गावोगाव नेली होती. विटांच्या खड्ड्यात शेणकाला घालायचा, त्यावर लोखंडी टाकी पालथी बसवायची. टाकीत गॅस साठतो आणि नळीतून स्वयंपाकघरातल्या शेगडीला जातो. टाकी नाही तर गॅस नाही.

बाईंचा एक डोळा चुलीपुढं फुंकर घालून गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं असेल. दुसऱ्यात मोतीबिंदू झाला. भोरच्या शिबिरात ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की जखम भरून चष्मा मिळेपर्यंत डोळ्याला धूर लागू द्यायचा नाही, नाही तर हाही जाईल. बाई भावाकडं उत्रोलीला राहिल्या. पण भावाच्या घरी चूल, आणि स्वयंपाकघरातला धूर साऱ्या घरात फिरायचा. आपल्या घरी गॅस आहे म्हणून त्या लवकर परतल्या, तर परसात नुसता उघडा खड्डा.

मी फिर्याद लिहून घेतली आणि हवालदाराला घेऊन जागा पाहायला निघालो. खड्ड्याच्या काठावर उभं राहून, नाकाला रुमाल लावून, मी बारकाईनं निरीक्षण केलं आणि त्या भरात डावा पाय शेणकाल्यात घातला. हवालदार पंचनामा लिहीत होता. साहेबांच्या बुटाची नोंद घ्यायची का, असं त्यानं विचारलं. घेऊ नये, असं मी सांगितलं.

गावात चौकशी केली. टाकी म्हणजे काही खिशात घालून नेण्याची वस्तू नव्हे. ती उचलायला पाच-सहा गडी आणि एक टेम्पो लागतो. तरी कुणी काही पाहिलं नव्हतं. बाईंचा दीर शेजारीच राहायचा. तो म्हणाला, "रंगवायला न्येली असंल." सरपंच तेच म्हणाले. दुकानदार तेच म्हणाला. देवळापुढं बसलेले एक आजोबाही तेच म्हणाले. चार माणसं एकच वाक्य बोलली की ते वाक्य पाचव्याचं असतं, एवढं मला नोकरीनं शिकवलं होतं. पाचवा कोण, ते मात्र कळेना. निघताना सरपंचांनी बाजूला घेऊन सांगितलं की हा घरातला मामला आहे, बाई आजारी आहे, मिटवून टाकावं. ज्याची टाकी नाही त्याला मिटवायची घाई का, हे मी डायरीत लिहिलं आणि खाली प्रश्नचिन्ह काढलं. तपास तिथंच थांबला.

बाईंनी चूल पेटवली नव्हती. भाऊ दोन दिवसांआड भाकऱ्या घेऊन एसटीनं यायचा. शिळी भाकरी पाण्यात भिजवून त्या खायच्या. पण त्यालाही शेत होतं. लावणी तोंडावर आली होती, मग त्याला येणं जमणार नव्हतं.

खबर मिळाली ती महामार्गावरून. शिवऱ्याजवळ एक म्हातारे वेल्डर होते, मूळचे भोरचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. माझ्या जीपचा सायलेन्सर त्यांच्याकडंच जोडायला जायचा. काम करता करता ते सहज म्हणाले, "सायेब, एक इचारू का? ही गोबर गॅसची टाकी हाय का नवरदेव?"

मी का म्हणून विचारलं.

"दर पंधरवड्याला हळद लागतीय तिला. एकदा तांबडी करून न्येली, एकदा निळी. परवा हिरवी. मालक दर खेपेला येगळा. पन झाकणावरचा जोड माझाच हाय. तुमच्याकडं फिर्याद घेऊन आली त्या बाईच्या नवऱ्यानं आनली व्हती तवा म्याच जोडली व्हती."

टेम्पोबरोबर दर खेपेला येणारा माणूस मात्र एकच होता. तालुक्यात लोकांना अनुदान मिळवून देणारा एक दलाल. हिरवी टाकी कुठं गेली तेही चाचांना माहीत होतं. नदीपलीकडचं गाव. त्याच आठवड्यात तिथं जिल्ह्याचं तपासणी पथक येणार होतं. पथकानं खड्डा पाहायचा, टाकी पाहायची, शेगडी पेटलेली पाहायची आणि मग अनुदान मोकळं करायचं, अशी सरकारी रीत.

मी पथकप्रमुखांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी मला आणि हवालदाराला साध्या वेशात, त्यांचे मदतनीस म्हणून, सोबत घ्यायचं कबूल केलं. मी बुशकोट घातला, खिशाला दोन पेनं लावली, हातात फाईल धरली. गावात उतरलो तर पहिल्याच माणसानं वाकून नमस्कार केला. "या फौजदारसाहेब, बसा." केसांचा कट आणि पोटाचा घेर यांना गुप्त ठेवणं खात्याला कधी जमलं नाही.

परसात टाकी होती. हिरवीगार, खड्ड्यावर व्यवस्थित बसवलेली. खड्ड्यात शेणही होतं. मला आनंद झाला तो शेगडी पेटेपर्यंतच टिकला. घरमालकानं काडी लावली आणि निळी ज्योत फुरफुरत उभी राहिली. पथकप्रमुखांनी माझ्याकडं पाहिलं. हवालदारानंही पाहिलं. ताज्या खड्ड्यात गॅस धरायला आठवडे लागतात. इथं ज्योत जळत होती, म्हणजे संयंत्र जुनं, म्हणजे टाकी त्यांचीच. चाचांचा जोड चुकला असावा आणि मी सायलेन्सरच्या गप्पांवर सरकारी जीप पळवली असावी, असं मला वाटू लागलं.

चहा आला. दलाल हजर होता, मोठ्यानं गप्पा मारत होता. माझं सोंग उघडं पडलेलंच होतं, म्हणून पथकप्रमुखांनी ओळख करून द्यायला सहज आवाज चढवला, "हे आमच्याबरोबर आलेले पोलीस ठाण्याचे साहेब."

तेवढ्यात शेगडीची ज्योत हातभर उंच उडाली. मग एकदम बसली. मग पुन्हा वर आली आणि थरथरू लागली.

टाकीतला गॅस पोलिसांना घाबरत नाही. माणूस घाबरतो. शेगडीची नळी भिंतीतून परसाकडं जायला हवी होती, ती जात होती आतल्या खोलीकडं. मी हवालदाराला डोळ्यानं खूण केली. त्यानं आतलं दार ढकललं. आत ट्रॅक्टरची एक फुगलेली ट्यूब, ट्यूबवर घोंगडी, आणि घोंगडीवर एक अगडबंब गृहस्थ. दुसरीकडच्या चालू संयंत्रातून गॅस भरून आणलेल्या ट्यूबवर दाब द्यायला त्याला बसवलं होतं. तो बसला की ज्योत जळायची. दचकला की उडायची.

"म्या काय क्येलं सायेब?" तो उठेना. "मला म्हणले बस, म्या बसलो. बसनं गुन्हा हाय व्हय?"

पथकप्रमुखांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी आधी किती ज्योती पाहून सह्या केल्या असतील, हे मी विचारलं नाही. त्यांचा चेहराच तो हिशेब करत होता.

पंचांसमोर टाकी खड्ड्यातून काढली. झाकणावर चाचांचा जोड होता. हवालदारानं पत्र्याच्या तुकड्यानं एका जागी रंग खरवडला. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली तांबडा, आणि सगळ्यांत तळाशी बाईंच्या घरचा काळा. प्रत्येक थर म्हणजे एक गाव आणि एक खोटी तपासणी. दलाल तोवर वकिलाच्या भाषेत बोलत होता. खरवड पाहून त्यानं पाणी मागितलं.

दिराला ठाण्यात आणलं. मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. चहा दिला, बाकावर बसवलं आणि पोरंबाळं कशी आहेत ते विचारलं. माणूस आपल्या घराबद्दल बोलू लागला की फार वेळ खोटं बोलू शकत नाही. वहिनी इस्पितळात असताना टाकी आपणच दलालाला दिली, हे त्यानं थोड्या वेळात सांगून टाकलं. बदल्यात त्याच्या नावावर संयंत्र मंजूर व्हायचं होतं. निम्म्या गावाच्या नावावर व्हायचं होतं, म्हणून सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य.

"चोरी कशी म्हणता सायेब," तो म्हणाला. "लग्नाला पातेलं न्येत्यात शेजारचं. काम झालं की घासून परत देत्यात. तसंच व्हतं ह्ये."

"आणि तिचा डोळा?"

तो खाली बघून म्हणाला, "तिनं मागितली आनि आमी दिली न्हाई, आसं झालं न्हाई. तिनं इचारलंच न्हाई. थेट तुमच्याकडं आली."

म्हणजे चूक तिची, पोलिसात जाण्याची. गावकीचा कायदा असा असतो. त्यात चोरीपेक्षा फिर्याद मोठी.

दलालाला आणि दिराला अटक झाली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. टाकी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात, चिंचेखाली, लेबल लावून ठेवली. मी ऐटीत बाईंच्या गावी गेलो, तपास लागला म्हणून सांगायला. त्या ओट्यावर बसल्या होत्या, डोळ्यावर पट्टी तशीच.

"सापडली म्हनं," त्या म्हणाल्या. "कवा आनताय?"

मी समजावून सांगितलं. तो पुरावा आहे. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत सरकारजमा.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आधी दिरानं न्येली, आता तुमी न्येली. दिराची फिर्याद तुमच्याकडं क्येली. तुमची कुनाकडं करू?"

हवालदार बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

घरी जेवताना मी हा प्रसंग बायकोला विनोद म्हणून सांगितला. ती हसली नाही. टाकी तुमच्या आवारात आणि धूर तिच्या डोळ्यात, एवढंच म्हणून तिनं आमटी वाढली. सकाळी मी स्वतः भोरच्या कोर्टात गेलो. टाकीचे फोटो, खरवडलेल्या रंगांचा पंचनामा, पथकप्रमुखांचा जबाब, सगळं जोडून सुपूर्दनाम्याचा अर्ज दिला. निकालापर्यंत वस्तू मालकाच्याच ताब्यात द्यायची, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची आणि रंग बदलायचा नाही, अशा अटींवर. न्यायाधीशांनी डॉक्टरांचा कागद वाचला आणि त्याच दिवशी सही केली.

टाकी परत बसवली तरी गॅस लगेच धरत नाही. खड्डा भरायचा, वाट पाहायची. त्या दिवसांत बाईंच्या घरी रोज गरम भाकरी जाऊ लागली. आणून देणारी होती त्यांची जाऊ, म्हणजे त्याच दिराची बायको. नवरा जामिनावर घरात बसलेला, आणि ती त्याच्यासमोरून ताट झाकून न्यायची. दोघी बोलत नव्हत्या. जाऊ ताट ठेवायची, बाई रिकामं ताट उंबऱ्यावर सरकवायच्या. तिकडं बीटवर जाणारा हवालदार मला हे सांगायचा. एके दिवशी त्यानं सांगितलं, आज दोघी मिठावरून भांडल्या. मग मला काळजी उरली नाही.

खटला रीतसर चालला. दलालाला शिक्षा झाली, दीर माफीचा साक्षीदार झाला. मधल्या काळात पावसाळा सरला आणि मी काही कामानं त्या गावी गेलो. बाईंच्या घरी शेगडीवर चहा उकळत होता. त्यांच्या डोळ्यावर जाड भिंगांचा नवा चष्मा होता. त्यातून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत सावकाश न्याहाळलं.

"तुमीच का फौजदार?"

मी हो म्हणालो.

"आवाजावरनं बारीक वाटला व्हता."

त्या दिवशीचा चहा मी बिनसाखरेचा मागितला. पण या केसनं मला जे शिकवलं ते वजनाबद्दल नव्हतं. सरकार ज्योत पाहायला आलं होतं. ज्योत दिसली, सही झाली. मी टाकी शोधायला निघालो होतो. टाकी मिळाली, माझी केस सुटली. बाईंची तक्रार या दोन्हींबद्दल नव्हती, धुराबद्दल होती, आणि ती आमच्या कुणाच्याच कामात बसत नव्हती. पुढं निवृत्त होईपर्यंत चोरीची फिर्याद घेताना मी शेवटी एक प्रश्न विचारत असे: वस्तू परत मिळेपर्यंत तुमचं कसं चालणार? त्या उत्तराला छापील नमुन्यात रकाना नाही. मी ते समासात लिहीत असे.